खाट नाही तर नोंदणी नाही: दवाखान्यांच्या कायद्यातली फट

सेंधव्यात एखाद्या डॉक्टरने नुसती ओपीडी थाटली, रात्री कोणाला दाखल करून घेतले नाही, तरी मध्य प्रदेशाच्या १९७३ च्या कायद्याप्रमाणे त्या दवाखान्याची सरकारदरबारी नोंद लागते. बिजासनचा घाट उतरून शिरपुरात तशीच ओपीडी टाकली तर लागत नाही. डॉक्टरची नोंदणी लागते, जागेची नाही. नवापूरच्या वेशीपलीकडे गुजरात सुरू होतो. तिथे २०२१ साली केलेला कायदा दवाखाना, लॅब, हॉस्पिटल सगळ्यांना धरून आहे. रावेरकडची माणसे बऱ्हाणपूरला जातात, नंदुरबार-नवापूरची सुरतेला. आपल्या खान्देशी पेशंटला असे तीन राज्यांचे तीन कायदे लागतात, आणि त्यांत सगळ्यात जुना आपलाच आहे.

तो १९४९ चा. महाराष्ट्र राज्य व्हायच्या अकरा वर्षे आधी मुंबई प्रांताने केलेला. आज त्याचे नाव महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम; सगळे त्याला नर्सिंग होम अ‍ॅक्टच म्हणतात. नियम १९७३ चे, आणि त्यांत मोठी सुधारणा झाली जानेवारी २०२१ मध्ये. खाट असो नसो, सगळे दवाखाने आणि लॅब धरणारा नवा कायदा महाराष्ट्रातही व्हावा, अशी चर्चा आहे. ती समजून घ्यायची तर आधी या जुन्याची हद्द कुठे संपते ते बघावे लागते.

कायद्यातल्या व्याख्येचा सोप्या शब्दांत अर्थ असा: आजारी, जखमी किंवा अशक्त माणसाला ठेवून घेऊन त्याच्यावर उपचार आणि शुश्रूषा करण्याची जागा म्हणजे शुश्रूषागृह. प्रसूतिगृह त्यातच आले. म्हणजे सगळी मदार ‘ठेवून घेणे’ यावर. खाट असेल तर कायदा लागू, नसेल तर नाही. म्हणून तालुक्याच्या बाजारपेठेत हमखास दिसणारा प्रकार बघा. एक खोली, दोन बाक, भिंतीत ठोकलेले चार खिळे, प्रत्येक खिळ्याला सलाईनची बाटली. पेशंट तीन-चार तास पडून असतो, बाटली संपली की उठून जातो. विचारले तर उत्तर ठरलेले: ‘आम्ही कोणाला अ‍ॅडमिट करत नाही.’ कागदोपत्री ते खरेही ठरते. सलाईनची रिअ‍ॅक्शन आली, पेशंटला हुडहुडी भरली, रक्तदाब खाली गेला, तर तिथे ऑक्सिजन आहे का, अ‍ॅड्रेनलिनचे इंजेक्शन आहे का, हे तपासायला या कायद्याखाली कोणी येत नाही.

गंमत म्हणजे त्याच खोलीतली बाकीची जवळजवळ प्रत्येक गोष्ट कुठल्या ना कुठल्या परवान्यात आहे. डॉक्टर एमबीबीएस असेल तर १९६५ च्या कायद्याने महाराष्ट्र वैद्यक परिषदेत नोंद हवी, आणि दर पाच वर्षांनी नूतनीकरण. त्यासाठी ३० क्रेडिट पॉइंट, म्हणजे पुढच्या शिक्षणाचे गुण, जमवावे लागतात. बीएएमएस असेल तर १९६१ च्या कायद्याखाली भारतीय वैद्यकाची वेगळी परिषद. बीएचएमएसला होमिओपॅथीची तिसरी. शेजारच्या मेडिकलला अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो. सोनोग्राफी मशीन ठेवले की गर्भलिंग निदानविरोधी कायद्याखाली केंद्राची नोंदणी आली, प्रत्येक गरोदर बाईच्या तपासणीची नोंद करणारा एफ फॉर्म आला, दर महिन्याच्या पाच तारखेपर्यंत अहवाल आला. या एका कायद्याकडे आपल्या भागाने कधीच डोळेझाक करू नये: २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात ० ते ६ वयोगटात हजार मुलग्यांमागे ८४२ मुली होत्या.

सुई-सिरिंजचा कचराही कायद्यात आहे. जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम खाट असलेल्या-नसलेल्या सगळ्यांना लागू आहेत. रक्त-पू लागलेला कापूस आणि बँडेज पिवळ्या पिशवीत, सलाईनच्या नळ्या आणि सुई काढलेल्या सिरिंजा लाल पिशवीत, सुया पांढऱ्या न फुटणाऱ्या डब्यात, काचेच्या कुप्या निळ्या खोक्यात. ४८ तासांच्या आत तो उचलला गेला पाहिजे. प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्राधिकारपत्र ओपीडीलाही लागते, फक्त खाटा नसलेल्याला ते एकदाच घ्यायचे असते. म्हणजे हिशेब असा झाला: डॉक्टरची नोंद आहे, मशीनची आहे, औषधाची आहे, टाकून दिलेल्या सुईचीही आहे. त्या चार भिंतींत पेशंटवर जे काही होते त्याची मात्र नाही.

लॅबची गोष्ट याहून वाईट. खासगी पॅथॉलॉजी लॅबच्या नोंदणीला नर्सिंग होम अ‍ॅक्ट लागू होत नाही, कारण तिथे खाट नसते. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये सांगून टाकले की लॅबच्या रिपोर्टवर पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही चालेल. डीएमएलटी, म्हणजे लॅबकामाची पदविका, झालेला तंत्रज्ञ तपासणी करू शकतो, रिपोर्ट प्रमाणित करू शकत नाही. पण निकालाची अंमलबजावणी करणार कोण? लॅबची यादीच कोणा एका कार्यालयाकडे नसेल तर तपासायला जाणार कुठे? म्हणून छापील सहीचा धंदा चालतो. रिपोर्टच्या खाली पॅथॉलॉजिस्टचे नाव, सहीचा स्कॅन केलेला फोटो, आणि ते डॉक्टर दुसऱ्याच शहरात. एकाच माणसाची सही एकाच दिवशी चार गावांच्या रिपोर्टवर दिसली तर काय समजायचे ते समजावे.

याचा फटका कुठे बसतो, त्याचे एक उदाहरण सातपुड्यातलेच घेऊ. धडगाव, अक्कलकुवा, तळोदा या पट्ट्यात सिकल सेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बराच आहे. पहिली चाचणी होते ती सोल्युबिलिटीची: रक्ताचा थेंब द्रावणात टाकायचा, द्रावण गढूळ झाले तर पॉझिटिव्ह. ही चाचणी स्वस्त आहे, झटपट होते, पण ती फक्त सिकलचे हिमोग्लोबिन आहे एवढेच सांगते. माणूस वाहक आहे, म्हणजे एएस, की रुग्ण आहे, म्हणजे एसएस, हे तिच्यातून कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करावी लागते. वाहकाचे आयुष्य सहसा सर्वसामान्य असते. दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक मुलाला रुग्ण होण्याची शक्यता चारात एक. आता ज्या लॅबने नुसते ‘सिकलिंग पॉझिटिव्ह’ लिहून कागद हातात दिला, पुढची चाचणी सुचवली नाही, तिने एखाद्या धडधाकट पोरीला आजारी ठरवले, नाहीतर खऱ्या रुग्णाला वाऱ्यावर सोडले. लॅबसाठी किमान मानके हवीत ती या कारणासाठी. कागदी घोडे नाचवायला कोणाला हौस आहे म्हणून नव्हे.

आता जिथे कायदा लागू आहे तिथे भिंतीवर काय बघायचे ते सांगतो. खाटांच्या प्रत्येक हॉस्पिटलात रिसेप्शनजवळ एक फ्रेम असायला हवी. तिला सगळे फॉर्म सी म्हणतात, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्र. त्यात तीन गोष्टी वाचायच्या. पहिली, नाव कोणाचे आहे. पाटीवरचे आणि प्रमाणपत्रावरचे नाव वेगळे निघाले तर विचारा. दुसरी, खाटा किती. प्रसूतीच्या आणि इतर अशा वेगवेगळ्या लिहिलेल्या असतात. दहा खाटांची मंजुरी आणि वर पंचवीस पेशंट झोपलेले, हा उल्लंघनाचा नेहमीचा नमुना. तिसरी, मुदत. नोंदणी तीन वर्षांची असते आणि ३१ मार्चला संपते. म्हणून मार्च महिन्यात जळगाव, धुळे महापालिकांच्या आरोग्य विभागात या फायलींची गर्दी उसळते. महापालिका हद्दीबाहेर हे काम जिल्हा शल्य चिकित्सक किंवा जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे असते.

शेजारी आणखी दोन कागद हवेत. एक, रुग्ण हक्कांची सनद. दुसरा, १५ बाबींचे दरपत्रक: दाखल शुल्क, खाटेचा आणि आयसीयूचा रोजचा दर, डॉक्टरची भेट फी, ऑपरेशन थिएटर, भूल, नर्सिंग, ऑक्सिजन, पॅथॉलॉजी असे. हे २०२१ च्या सुधारणेने आले. यात एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. दर किती असावा हे हा नियम ठरवत नाही. जो आहे तो लावा, एवढेच म्हणतो. ‘सरकारने दर बांधून दिलेत’ असे म्हणत काउंटरवर भांडायला गेलात तर तोंडघशी पडाल. ‘दरपत्रकात जे आहे त्यापेक्षा बिलात जास्त का’ हा प्रश्न मात्र हक्काने विचारता येतो. त्याच सुधारणेने तक्रार निवारण कक्ष आणि टोल-फ्री क्रमांकही बंधनकारक केला.

नूतनीकरण अडते ते बहुधा उपचारांमुळे नाही, इमारतीमुळे. जुना बंगला, वरच्या मजल्यावर डॉक्टरचे घर, खाली हॉस्पिटल. बांधकामाची परवानगी रहिवासी वापराची. जिना एकच, तोही अरुंद. अग्निशमनवाले दुसरा मार्ग मागतात आणि तो काढायला जागाच नसते. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे नवजात कक्षाला आग लागून दहा बाळे गेली, तेव्हापासून या बाबतीत सूट मिळणे अवघड झाले, आणि ते योग्यच झाले. २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्याप्रमाणे यंत्रणा चालू असल्याचा बी फॉर्म परवानाधारक एजन्सीकडून वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यायचा असतो. पुष्कळ ठिकाणी सिलिंडर टांगलेले असतात, फॉर्म भरलेला असतो, आणि सिलिंडरची पिन कशी काढायची हे रात्रपाळीच्या एकाही सिस्टरला ठाऊक नसते. त्याशिवाय रखडवणारी कारणे किरकोळ वाटणारी असतात: डॉक्टरचीच परिषदेतली नोंदणी संपलेली, कचरा उचलणाऱ्या कंपनीचा करार आहे पण प्रदूषण मंडळाचे प्राधिकारपत्र जुने, कामावरच्या मुली परिचर्या परिषदेत नोंदलेल्याच नाहीत.

मग नव्या कायद्याचे काय? आरोग्य आणि दवाखाने हा विषय घटनेच्या राज्य सूचीत येतो, म्हणून संसद सरसकट कायदा लादू शकत नाही. काही राज्यांनी ठराव करून मागणी केली की त्या राज्यांपुरता संसदेला कायदा करता येतो, आणि बाकीच्यांना तो हवा तर स्वीकारता येतो. अनुच्छेद २५२ ची ही वाट. २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा तसाच झाला: सुरुवातीला अरुणाचल, हिमाचल, मिझोराम, सिक्कीम आणि केंद्रशासित प्रदेश, पुढे उत्तर प्रदेश, राजस्थान, बिहार वगैरे. महाराष्ट्राने तो न स्वीकारता स्वतःचा करायचे ठरवले. मसुदे झाले, समित्या झाल्या, डॉक्टरांच्या आणि रुग्ण संघटनांच्या बैठका झाल्या, आणि हाती आली ती २०२१ ची नियमदुरुस्ती. कमिशनविरोधी कायद्याचेही तेच. डॉक्टरने लॅबकडून किंवा मोठ्या हॉस्पिटलकडून पेशंट पाठवल्याबद्दल पैसे घ्यायचे नाहीत, असा कट प्रॅक्टिसविरोधी मसुदा २०१७ मध्ये माजी पोलीस महासंचालकांच्या समितीने तयार केला. तोही मसुदाच राहिला. परिषदेच्या आचारसंहितेत कमिशनला बंदी आहे, पण ती डॉक्टरला लागू. पैसे देणाऱ्या लॅबला नाही.

असे कायदे जिथे झाले, कर्नाटकात २००७ मध्ये, केरळात २०१८ मध्ये, त्यांचा सांगाडा साधारण सारखाच आहे. खाट असो नसो, प्रत्येक दवाखाना आणि लॅबची नोंद. प्रकारानुसार किमान मानके. दर दर्शनी भागात. जिवावर बेतलेला पेशंट आला तर पैसे मागत न बसता त्याला स्थिर करायचे, मग पुढे पाठवायचे. तक्रारीसाठी प्राधिकरण. दंड.

वाद दोन ठिकाणी होतो. डॉक्टर म्हणतात, इन्स्पेक्टर राज येईल, छोटी हॉस्पिटले बंद पडतील, उरतील ती कॉर्पोरेट, आणि खर्च शेवटी पेशंटच्याच बिलात चढेल. रुग्ण संघटना म्हणतात, तक्रारीला दात नसतील तर नोंदणी हा आणखी एक फ्रेम केलेला कागद. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, पण ‘नोंदणी’ आणि ‘मानके’ या दोन गोष्टी एकाच ताटात वाढल्यामुळे भांडण वाढते. कोण कुठे काय करतो याची यादी करायला कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. केंद्राच्या कायद्यात तात्पुरती नोंदणी चौकशीविना, अर्जानंतर दहा दिवसांत द्यायची तरतूद आहे, आणि ती वर्षभर चालते. हे आपल्याकडे उद्या करता येईल. मानके मात्र गाव बघून लावावी लागतील. जळगावच्या पन्नास खाटांना जी मोजपट्टी लावाल ती धडगावच्या दोन खाटांना लावली तर तिथला एमबीबीएस किंवा बीएएमएस बाडबिस्तरा आवरून निघून जाईल, आणि त्याची गादी चालवायला पदवीच नसलेला माणूस तयारच असेल.

या बोगस मंडळींसाठी नवा कायदा लागत नाही, हेही जाता जाता. नोंदणीशिवाय डॉक्टरकी करायला मनाई करणारे १९६१ च्या कायद्याचे कलम ३३ आहे, राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या २०१९ च्या कायद्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. जिल्ह्यात आणि तालुक्यात शोध समित्या आहेत. अडते ते इथे: समितीची गाडी पहिल्या गावात पोचली की पुढच्या चार गावांतली शटर खाली येतात, आणि पंचनाम्याला साक्षीदार मिळत नाही, कारण रात्री दोन वाजता दार उघडणारा गावात तोच एक असतो.

आणि पदवीच्या हद्दीचा गुंता वेगळाच. होमिओपॅथीच्या डॉक्टरांनी आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा कोर्स केला तर त्यांना अ‍ॅलोपॅथीची औषधे लिहू द्यावीत, अशी कायदादुरुस्ती राज्याने २०१४ मध्ये केली. ती कोर्टात गेली, आणि अजून दोन्ही बाजूंचे डॉक्टर त्यावर हमरीतुमरीवर येतात. पेशंटने एवढेच करावे: पाटीवरचा नोंदणी क्रमांक कोणत्या परिषदेचा आहे ते बघावे. एमबीबीएस असेल तर महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या संकेतस्थळावर नाव टाकून तपासता येते. ‘इलेक्ट्रोहोमिओपॅथी’ असे लिहिलेले दिसले तर ती मान्यताप्राप्त वैद्यकीय पदवी नव्हे.

नवा कायदा होईपर्यंत तक्रार घेऊन कुठे जायचे? प्रमाणपत्र, दरपत्रक, जास्तीच्या खाटा यांबद्दल महापालिका किंवा जिल्हा शल्य चिकित्सक. डॉक्टरच्या हलगर्जीपणाबद्दल त्याची परिषद. पैशांच्या भरपाईसाठी जिल्हा ग्राहक आयोग. दोन वर्षांच्या आत जायचे, आणि पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही. कुठेही जा, आधी केसपेपर हवेत. लेखी मागितल्यापासून ७२ तासांत ते द्यायचे, असे डॉक्टरांच्या आचारसंहितेतच आहे, म्हणून तोंडी न मागता अर्ज द्या आणि पोच घ्या. बिनखाटांच्या दवाखान्याची किंवा लॅबची तक्रार असेल, तर यातला पहिला दरवाजा तुम्हाला बंद आहे.

पुढे मसुदा निघाला तर तो कुठल्या टप्प्यावर आहे हे बातमी वाचताना बघावे. ‘कायदा येणार’ याचा अर्थ मंत्रिमंडळाची मंजुरी असू शकतो, विधेयक मांडले असू शकते, नाहीतर नुसती सभागृहात दिलेली ग्वाही. विधेयक विधानसभा आणि विधान परिषद दोन्हींतून जाते, कधी संयुक्त समितीकडे जाते, मग राज्यपालांची संमती. समवर्ती सूचीतल्या विषयात केंद्राच्या कायद्याला छेद जात असेल तर राष्ट्रपतींची. इतके झाले तरी नियम निघेपर्यंत फारसे काही हलत नाही: फी किती, अर्ज कुठे, मानके कोणती, हे सगळे नियमांत असते. राजस्थानने २०२३ मध्ये आरोग्य हक्काचा कायदा गाजावाजा करून मंजूर केला आणि तो नियमांवाचून अडकला.

सामान्य माणसाला बोलायची जागा दोनच ठिकाणी असते: संयुक्त समितीने सूचना मागवल्या तर तेव्हा, आणि नियमांचा मसुदा राजपत्रात हरकतींसाठी आला तर तेव्हा. मसुद्यात मुदत आणि पत्ता दिलेला असतो. पत्र मराठीत चालते. ‘कायदा चांगला आहे’ किंवा ‘वाईट आहे’ असे लिहून उपयोग नसतो. कलमाचा क्रमांक लिहा, त्यातला कोणता शब्द बदलावा ते लिहा, त्याखाली दोन ओळींत कारण. उदाहरणार्थ, लॅबच्या व्याख्येत रक्त गोळा करणारी केंद्रे धरली आहेत का. रिपोर्टवर सही करणारा डॉक्टर आठवड्यात किती तास तिथे हजर हवा. सलाईन लावून तासन् तास झोपवणे म्हणजे दाखल करणे धरायचे की नाही. मुदतीच्या आत स्पीड पोस्टाने पाठवा, पावती जपून ठेवा, आणि एक प्रत आपल्या आमदाराला द्या.